डुकरे पकडा, पण आधी खरकटे उचला

आंबील ओढ्यालगत आमच्या सोसायटीमागे मोकाट डुकरांचा कळप रोज पहाटे कचरा उकरतो. गेल्या आठवड्यात शाळेला निघालेल्या मुलांवर पिलांसोबतची डुकरीण धावून आली. मुले थोडक्यात बचावली. तक्रार केली की गाडी येते, दोन-चार डुकरे नेते आणि काही महिन्यांत पुन्हा तेच! डुकरीण अवघ्या ११४ दिवसांत विते, एका वेतात आठ-दहा पिले. अशी अधूनमधूनची धरपकड पुरणार कशी? शिवाय जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरांत वाढतो आणि क्युलेक्स डासांमार्फत माणसांत येतो. सगळा कळप एकदम पकडावा, डुकरे मोकाट सोडणाऱ्या मालकांवर कारवाई व्हावी. आणि ओढ्यात शिळे अन्न टाकणाऱ्या हॉटेलांना, तसेच आम्हा रहिवाशांनाही, जबर दंड करावा.

— एक वाचक, सहकारनगर, पुणे