गरजूलाच पुराव्याची सक्ती

संपादक महोदय,

अपंगत्व किंवा स्वमग्नता (ऑटिझम) सिद्ध करण्याचा भार व्यवस्था त्या व्यक्तीवरच टाकते. रोजंदारीवर जगणाऱ्याची तर तपासणीच्या रांगेत दिवसाची मजुरीही बुडते. सुखवस्तू घरातील मुलाला खासगी तज्ज्ञाकडून निदान आणि मग परीक्षेत जादा वेळ मिळतो. तीच अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील अडचण) असलेला मजुराचा मुलगा मात्र ‘ढ’ ठरून मागच्या बाकावर जातो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारानुसार वाजवी सोयी, म्हणजे गरजेनुसार करायचे बदल, नाकारणे हाही भेदभावच आहे. तरीही कामात चोख, पण नजरेला नजर न देणारा स्वमग्न उमेदवार मुलाखतीत बाद होतो (जणू नोकरी डोळ्यांनीच करायची असते!). अशा कर्मचाऱ्याला तोंडी हुकमांऐवजी लेखी सूचना देण्यास मालकाला फारसा खर्च येत नाही. त्यासाठी प्रमाणपत्राची अट कशाला?

– एक वाचक