सिप्रो आणि दूध

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, "बाबा, सिप्रोची अँटिबायोटिक गोळी दुधाबरोबर घेते, म्हणजे पित्त होत नाही." मी नुसतं हं हं केलं. फोन ठेवल्यावर मात्र चैन पडेना, कारण ही खोड तुला मीच लावली. लहानपणी तुझ्या गोळ्या चुरून मीच दुधात कालवायचो. मेडिकलच्या काउंटरवरही येईल त्याला एकच सांगायचो, "जेवणानंतर घ्या." गर्दीत तेवढंच सुचायचं.

तर ऐक. दुधातलं कॅल्शियम सिप्रोफ्लॉक्सासिनला आतड्यातच चिकटून बसतं. मग तेवढं औषध रक्तात शिरत नाही, तसंच पुढे निघून जातं. नुसतं दूध किंवा दही पिऊन गोळी घेतली, तर औषध जवळजवळ एक तृतीयांश कमी शोषलं जातं. म्हणजे पैसे ५०० मिलिग्रॅमचे मोजायचे आणि अंगी तेवढं लागायचंच नाही! पित्तावरचं ते पातळ औषध घेत असशील तर ते दुधाहून वाईट. त्यातलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हाच उद्योग जास्त जोरात करतं.

भाकरी-भाजीशी सिप्रोचं वैर नाही. मळमळत असेल तर सकाळी सातला दोन घास पोहे खा आणि भरपूर पाण्याबरोबर गोळी घे. दुसरी संध्याकाळी सातला. तुझी कॅल्शियमची गोळी दुपारी एकच्या आत, जेवताना. सिप्रो तिच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तास, एवढं अंतर हवंच. मेसचं ताकही त्याच जेवणात उरकून टाक. हळदीचं दूध रात्री दहाला घेतलंस तरी चालेल.

पण हा नियम सगळ्या अँटिबायोटिकना लावू नकोस, नाहीतर माझ्यासारखंच होईल. तुझ्या आईला सेफ्युरॉक्झिम दिलं होतं ना, ते उपाशीपोटी घेतलं तर सुमारे ३७ टक्केच शोषलं जातं, जेवणानंतर ५२. टीबीची रिफाम्पिसिन मात्र रिकाम्या पोटीच. आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट पहिल्या घासाबरोबर घ्यावं, पोट कमी बिघडतं. मी या सगळ्यांना एकाच 'जेवणानंतर'मध्ये कोंबत आलो.

दुधाबरोबर गोळ्या घेतलेले तीन दिवस भरून काढायला स्वतःच्या मनाने जास्त गोळ्या घेऊ नकोस. उद्या डॉक्टरांना गाठ आणि दुधाचं सांग, कोर्स वाढवायचा का ते त्यांना ठरवू दे. लाज वाटली तर बाबांनी शिकवलं म्हणून खुशाल सांग.

तुझा,
बाबा