फलकावर भरतीची वेळही हवी

महोदय,
दिवसभर किनाऱ्याने चालत संध्याकाळी एखाद्या जुन्या बंदराच्या गावात पोहोचावे, यासारखे सुख नाही. गलबतांना जसे दिसत असे तसे ते गाव समोरून दिसते. गाडीने मागून शिरणाऱ्याला हे कळतच नाही. पण वाटेच्या सुरुवातीच्या फलकावर फक्त अंतर असते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. चार दिवसांपूर्वी कोरडी असलेली कड्याखालची वाट त्याच वेळी पाण्याखाली असू शकते. गेल्या रविवारी आम्ही तासभर खडकावर अडकलो, सोबत लहान मुले होती. फलकावर खडूने रोजच्या वेळा लिहिल्या तरी पुरे.

– एक पदभ्रमणप्रेमी