पोंपेईहून आल्यावर, पक्याला

पक्या बे,

"जिवंत आहेस का" असा तुझा मेसेज पाहिला. आहे. परीक्षा संपल्या, दोन दिवस मोकळे मिळाले तर मिलानहून नेपल्सला गेल्तो, अन् तिथून एक डबडा लोकल जाते, डब्यांवर पोट्ट्यांनी रंग मारून ठेवलेला, तिने पोंपेईला. व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यात मजा नाही म्हणून बसून लिहून राह्यलो, चहा घेऊन वाच.

व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला, सन 79, अख्खं गाव राखेखाली, एवढं शाळेत होतंच आपल्याला. मला वाटलं चार खांब, दोन भिंती, सेल्फी काढू अन् निघू. पण गल्ल्याच्या गल्ल्या आहेत बे, आपल्या नागपूरच्या इतवारीसारख्या! दुकानं, काउंटरमध्ये मडकी बसवलेल्या खानावळी, अन् एका बेकरीत तर 81 पाव सापडले होते, कोळसा झालेले. भट्टीत लावले अन् काढायला कोणी आलंच नाही.

गेटपाशी एक काका भेटले, सत्तरीतले, गळ्यात गाइडचा बिल्ला, जन्म तिथलाच. आम्ही चौघांनी मिळून त्यांची फी भरली. इंग्लिश अर्धं, बाकी सगळं हातवारे. पण आपल्या महाल भागातले म्हातारे कसे "हा वाडा अमक्याचा, इथून पुढे तमक्याचा" सांगत जातात, सेम तसंच, जसं काही कालपरवापर्यंत ती माणसं तिथं राहत होती.

सिव्हिलवाला म्हणून मी रस्त्यातच अडकलो. काळ्या दगडांची फरसबंदी, तिच्यात गाड्यांच्या चाकांनी बोटभर खोल चाकोऱ्या पाडलेल्या, अन् मध्ये मध्ये हे मोठे उंच दगड, का तर रस्त्यावरून पाणी वाहायचं तेव्हा लोकांनी त्यांच्यावरून पलीकडे जावं, अन् दोन दगडांतल्या फटीतून चाकं बरोबर निघावीत. 2023 च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा तू चप्पल हातात घेऊन आला होतास, ते आठवलं मला.

पुढे चौकात एक दगडी टाकं होतं, लोक पाणी भरायचे तिथं. काकांनी माझा पंजा धरला अन् त्याच्या काठावर ठेवला. तिथं खळगा होता, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखा. वाकून पाणी पिताना लोक हात टेकवायचे, टेकवून टेकवून दगड झिजला. माझा हात त्यात बरोबर बसला बे. मी बराच वेळ काढलाच नाही.

मग त्यांनी विचारलं, तू कुठला, तुमच्याकडे जुनं काय आहे? पक्या, मी काय सांगितलं माहीत आहे? "संत्री." तोंडातून तेच निघालं! काका हसले अन् म्हणाले उद्या नेपल्सच्या म्युझियममध्ये जा, तुमची बाई आहे तिथं.

गेलो. वीतभर उंच हस्तिदंती बाई, अंगावर कपडा नाही पण हातात कोपरापर्यंत बांगड्या, दोन्हीकडे दोन चिमुकल्या दासी. 1938 मध्ये पोंपेईत सापडली. लोक लक्ष्मी म्हणतात, बरेच अभ्यासक म्हणतात यक्षी. मला तर ती सरळ मावशीच वाटली, लग्नाला निघालेली. रात्री हॉस्टेलवर वाचत बसलो तर तशाच घडणीची मूर्ती आपल्या भोकरदनला सापडलेली, जालन्याजवळच्या, अन् ते उत्खनन कोणी केलं, तर मराठवाडा विद्यापीठ अन् आपलं नागपूर विद्यापीठ, दोघांनी मिळून! 1974 चा रिपोर्ट आहे. ज्या कँपसमध्ये आपण नुसता चहा पीत बसलो तिथलीच माणसं ही, अन् मी संत्री सांगून आलो.

मग जुनापाणी आठवलं. काटोल रोडची ती दगडांची वर्तुळं, थर्ड इयरला क्लास बुडवून गेल्तो ते. तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत तिथं, लोहयुगातल्या लोकांची थडगी, पोंपेई गाडलं गेलं त्याच्याही काही शतकं आधीची. आपण त्यावर बसून पत्ते कुटले. अन् एका दगडावर छोटे छोटे वाटीसारखे खळगे होते, ओळीनं, तू म्हणालास "भारी सोय केली बे" अन् त्यात शेंगदाणे ओतले. ते खळगे मुद्दाम कोरलेले आहेत, माणसांनी.

तर काम असं आहे, या रविवारी गाडी काढ, तर्री पोहे हाण अन् जुनापाणीला जा. तो दगड शोध. खळग्यांचा जवळून फोटो काढ, बाजूला तुझा हात ठेव म्हणजे साइज कळेल. काकांनी त्यांचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिलाय, त्यांना पाठवायचा आहे. दाणे बाहेरच खाऊन जा.

तुझाच,
बंड्या