आधी खोका द्या!

संपादक महोदय,

सुट्टीत लहान मुलांना घरात कसं रमवायचं म्हणून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज खेळण्यांच्या लिंक येतात, दीड-दोन हजारांचे सेट, आणि मूल शेवटी खेळणं सोडून त्याच्या खोक्यातच जाऊन बसतं हे सगळ्या आयांना माहितीये. मग खोक्यापासूनच सुरुवात करा की! नाशकात द्राक्षांच्या सीझनला फळवाल्याकडे पुठ्ठ्याचे खोके मागितले तर असेच मिळतात, चार जोडले की झाली आगगाडी, वर जुनी ओढणी टाकली की घर. माझी नात भांड्यांच्या कपाटापाशी तासभर रमते, वाट्या एकात एक घालते, डब्यांची झाकणं शोधते, आवाज फार होतो, तो सहन करायचा. कणकेचा गोळा द्या, मेथी निवडायला बसवा. बादलीत पाणी आणि चमचे दिले तर मोठ्यांनी जवळून हलायचं नाही. चिंचोके, राजमा तीन वर्षांखालच्यांना नकोच, घशात अडकतात.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीत मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणाऱ्या वस्तूच वापरल्या. आणि मोबाईलचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी तितकं बरं.

एक विनंती, तुमच्या पुरवणीत खेळण्यांच्या जाहिराती भरपूर असतात, त्याच पानावर कोपऱ्यात दर आठवड्याला एखादा बिनपैशाचा खेळ छापता का?

– एक आजी, सिडको, नाशिक