नाव विचारायचं राहून गेलेल्या माणसांचे आभार

एकोणिसाव्या वर्षी, ना पदवी ना हातात कसलं सर्टिफिकेट, मी परदेशात कामाला निघालो. एजंट म्हणाला, "टुरिस्ट व्हिसावर जा, पुढचं तिकडे बघू." त्याच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलेल्या काकांनी ते ऐकलं आणि मला बाजूला घेतलं. तसं काम करताना सापडलास तर परत पाठवतील, पगार बुडाला तर दाद मागणं अवघड, हे त्यांनी न रागावता समजावलं. वर्क परमिट हातात येईपर्यंत मी थांबलो. काका, ते तुमच्यामुळे.

तिकडे मुकादमाने 'सांभाळायला' म्हणून पासपोर्ट मागितला. शेजारच्या खाटेवरचा दादा हळूच म्हणाला, "झेरॉक्स दे, ओरिजिनल नको." कामगाराची कागदपत्रं अडकवून ठेवणं हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना वेठबिगारीच्या खुणांमध्ये धरते, हे मी खूप नंतर वाचलं. दादाला ते आधीच ठाऊक होतं, आणि कसं ठाऊक झालं असेल याचा विचार आला की अजून जीव तुटतो.

आणि भांडी घासता घासता तिथल्या भाषेतले रोज पाच शब्द शिकवणाऱ्या मावशी! पहिला शब्द होता 'थांबा', दुसरा 'दुखतंय'. दोन्ही लागले.

तुमच्यापैकी कोणी हे वाचत असाल तर मनापासून आभार. मी अजून इथेच कामावर आहे, पासपोर्ट माझ्याच कपाटात आहे.