वारकरी पक्ष्यांचा आजार

ऑगस्टा, जॉर्जिया
१४ डिसेंबर

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला, याबद्दल क्षमस्व. गेल्या रविवारी जे पाहिले, ते मात्र तुला कळवल्यावाचून राहवेना.

येथून अर्ध्या तासावरच्या एका तलावावर वारकऱ्यांचा थवा उतरला होता. इथला वारकरी म्हणजे आपल्या वारकऱ्याचा भाऊबंदच. तोच काळा रंग, कपाळावर तोच पांढरा टिळा. थव्यापासून दूर एक पक्षी जागच्या जागी गोल फिरत होता. दुर्बीण लावली तेव्हा दिसले की तो एका कुशीवर कलला आहे, त्याचा एक पाय पाण्याबाहेर आहे आणि मान सावरायला गेला की तो पुन्हा त्याच बाजूला कलंडतो आहे. मी काठाजवळ गेलो तसा सगळा थवा पाणी तुडवत उडाला. तो मात्र पंख आपटत तिथेच राहिला. वन्यजीव खात्याला मी लगेच कळवले. खरे निदान मेंदू तपासल्यावरच होते, पण लक्षणे ओळखीची होती.

१९९४-९५ च्या हिवाळ्यात आर्कान्सा राज्यातल्या डीग्रे तलावावर पांढऱ्या डोक्याचे २९ गरुड मेले. मेलेल्यांच्या मेंदूतल्या पांढऱ्या भागाला स्पंजासारखी भोके पडलेली होती. पुढे दक्षिणेकडच्या आणखी तलावांवर तेच घडू लागले आणि मेलेल्या गरुडांची संख्या १३० च्या वर गेली. आजारी वारकऱ्याला उडता येत नाही, त्यामुळे गरुडाला तो आयता सापडतो आणि वारकऱ्याच्या अंगातले विष गरुडाच्या पोटात जाते. हे विष वारकऱ्याच्या अंगात येते कुठून, याचा शोध लागायला पाव शतक गेले.

शाळेतला तो प्रयोग तुला आठवतो का? चंचुपात्रात पाणी, त्यात उपडे नरसाळे, त्याखाली हायड्रिलाची फांदी आणि वर परीक्षानळीत जमणारे प्राणवायूचे बुडबुडे! तीच हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात आली आणि इथल्या तलावांत बेसुमार माजली. तिच्या पानांच्या खालच्या बाजूला एक नीलहरित शेवाळ वाढते, आणि वारकरी ती पाने खातात तेव्हा हे शेवाळही त्यांच्या पोटात जाते. जॉर्जिया विद्यापीठातल्या सुझन वाइल्ड यांनी ते शोधले आणि २०१४ मध्ये त्याला 'एटोक्थोनॉस हायड्रिलिकोला' हे नाव मिळाले. त्याचा अर्थ हायड्रिलावर राहणारा गरुडांचा मारेकरी. विषारी शेवाळ म्हटले की पाण्यावर पसरलेला हिरवा तवंग आपल्या डोळ्यांपुढे येतो. इथे पाणी नितळ असते आणि मारेकरी पानाआड असतो. रविवारी मी एक फांदी उचलून भिंगाखाली धरली. तिच्या इवल्या, करवती कडांच्या पानांमागे काळपट ठिपके होते. ते गाळाचे की शेवाळाचे, हे नुसत्या भिंगाने ठरत नाही.

या कथेतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग पुढचाच आहे. जर्मनीतल्या हाले येथील टिमो नीडरमायर यांच्या प्रयोगशाळेत हे शेवाळ वाढवले, तेव्हा ते निरुपद्रवी निघाले. मग तलावातून आणलेली पाने तपासली असता शेवाळाच्या वसाहतींवर ब्रोमीनयुक्त पदार्थ सापडला. आणि प्रयोगशाळेतल्या पाण्यात ब्रोमाइड मिसळताच तिथले शेवाळही विष तयार करू लागले. त्या विषाच्या एकेका रेणूत ब्रोमीनचे पाच अणू असतात. २०२१ च्या मार्चमध्ये हे संशोधन 'सायन्स'मध्ये छापून आले. ब्रोमाइड जमिनीतून येते, तसेच कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या सांडपाण्यातूनही येते. आणि हायड्रिला मारण्यासाठी जे डायक्वाट फवारतात, त्यातही ते असते. म्हणजे वनस्पती हटवण्यासाठी टाकलेल्या औषधातूनच तिच्यावरच्या शेवाळाला विषाचा कच्चा माल मिळत असेल, अशी शंका संशोधकांनीच मांडली आहे. माझ्या मते ही शंका निवळेपर्यंत पक्षी उतरतात त्या पाण्यात ही फवारणी थांबवलीच पाहिजे. काही तलावांत हायड्रिला खाण्यासाठी गवत्या मासे सोडले आहेत. तो मार्ग सावकाश चालणारा असला तरी मला अधिक बरा वाटतो.

खात्याची माणसे दुसऱ्या दिवशी येऊन गेली, पण तोवर तो पक्षी तिथे नव्हता. त्या तलावाच्या पलीकडच्या काठावर पाइनच्या शेंड्यावर गरुडाचे जुने घरटे आहे आणि या दिवसांत जोडी त्याची डागडुजी करते. येत्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे. दोन्ही गरुड दिसले की तुला कळवीन.

उजनीवर यंदा वारकरी कधी उतरले आणि किती, ते सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव